कॅट परीक्षा आता कशी घेतात? बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडून नेहमी येणारे प्रश्न

इकडच्या मुलांना कॅटची, म्हणजे आयआयएममधल्या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेची, पहिली माहिती मिळते ती मामेभावाकडून, नाहीतर गल्लीतल्या 'पुण्याला नोकरीला आहे' अशा कुणाकडून. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण तो सांगतो ती परीक्षा त्याने दिलेल्या वर्षाची असते. गेल्या पंधरासोळा वर्षांत कॅटचा अभ्यासक्रम फारसा हलला नाही. गणित तेच, उतारे तेच, कोडी तीच. परीक्षा घेण्याची पद्धत मात्र इतक्यांदा बदलली की २०१३ मधला सल्ला आज पाळला तर नुकसानच होईल. आमच्याकडे सतत येणारे प्रश्न म्हणून इथे घेतले आहेत. अर्ज भरायच्या आधी एकदा वाचून काढा.

कॅट आधी कागदावर होती म्हणे. मग बदललं कधी आणि का?

२००८ पर्यंत ती कागदावरच होती. देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी प्रश्नपुस्तिका फोडायची आणि पेन्सिलने गोल काळे करायचे. या पद्धतीला मोठा तडा गेला तो नोव्हेंबर २००३ मध्ये. पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. २००९ मध्ये प्रोमेट्रिक या कंपनीमार्फत परीक्षा संगणकावर गेली. ती एका दिवसात नव्हे, दहा दिवसांच्या खिडकीत पसरलेली होती. पहिल्याच वर्षी व्हायरसमुळे अनेक केंद्रांवरचे संगणक आडवे झाले आणि अडकलेल्या उमेदवारांसाठी जानेवारी २०१० मध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली.

२०१४ पासून परीक्षेचं तांत्रिक काम टीसीएसकडे आलं. त्या वर्षी दोन दिवस, चार सत्रं होती. २०१५ पासून परीक्षा एकाच रविवारी होते. तेव्हा दिवसाला दोन सत्रं असायची, २०२० मध्ये कोविडमुळे गर्दी कमी करायची म्हणून तीन झाली. कोविड गेला, तीन सत्रं राहिली.

दादा म्हणतो तीन तासांचा पेपर असतो, शंभर प्रश्न. बरोबर का?

दादाने २०१५ ते २०१९ च्या दरम्यान परीक्षा दिली असणार. तेव्हा १८० मिनिटं आणि १०० प्रश्न होते. २०२० मध्ये वेळ १२० मिनिटांवर आली आणि प्रश्न ७६ झाले. पुढच्या वर्षी ते ६६ झाले. २०२४ आणि २०२५ मध्ये ६८ प्रश्न होते: इंग्रजी आकलनाचे २४, माहितीचं विश्लेषण व तर्क २२, गणित २२. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेल्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला १ गुण वजा.

प्रश्न कमी झाले म्हणून पेपर सोपा झाला असं समजू नका. शंभर प्रश्नांत चार चुकले तर ते पचून जायचे. बावीस प्रश्नांच्या भागात तेच चार चुकले की पर्सेंटाइल (तो म्हणजे काय ते पुढे) धाडकन खाली येतो.

एक भाग लवकर संपला तर उरलेला वेळ गणिताला वापरता येतो का?

नाही. जुन्या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच. २०१० पर्यंत आणि पुन्हा २०१४ मध्ये भागांमध्ये हवं तसं फिरता यायचं, त्यामुळे 'आधी आपलं गणित उरकून घे, इंग्रजी शेवटी बघ' हा सल्ला तेव्हा चालायचा. २०१५ पासून प्रत्येक भागाला वेगळं घड्याळ आहे आणि आता ते ४० मिनिटांचं आहे. क्रमही ठरलेला: आधी इंग्रजी, मग माहिती व तर्क, शेवटी गणित. चाळीस मिनिटं झाली की भाग आपोआप बंद होतो, मागे जाता येत नाही. लवकर संपला तरी पुढचा भाग आधी उघडत नाही.

मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना याचा फटका जास्त बसतो, कारण सुरुवातच इंग्रजीच्या उताऱ्यांनी होते. डोकं चालू लागायच्या आधीच नावडता भाग समोर. त्यावर उपाय एकच: घरी सराव करतानाही याच क्रमाने, याच घड्याळावर करायचा. आवडता भाग आधी घेऊन दिलेला मॉक, म्हणजे सराव पेपर, हा मॉक नव्हेच.

दिव्यांग उमेदवारांना प्रत्येक भागात १३ मिनिटं २० सेकंद जादा मिळतात.

मोबाइलवर सगळा अभ्यास करतोय. संगणकाची सवय नसली तर अडेल का?

अडेल. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं गणितं मोबाइलवर बोटाने सरकवत शिकलेली. केंद्रावर मिळतो जुना डेस्कटॉप, त्याला तार असलेला माउस. कीबोर्ड समोर असतो, पण त्याला हात लावायचा नाही. चुकून एखादी कळ दाबली गेली तर स्क्रीन लॉक होऊ शकते आणि पर्यवेक्षकाला हात करून ती उघडून घ्यावी लागते. आकडा टाइप करून द्यायच्या उत्तरांसाठी स्क्रीनवरच छोटा कीपॅड येतो, त्यावर माउसने एकेक आकडा टिचकायचा. कॅल्क्युलेटरही स्क्रीनवर, तोही माउसनेच. तोंडी १७ गुणिले २४ करणारा मुलगा कॅल्क्युलेटर उघडतो, चार टिचक्या मारतो, एक चुकते, पुन्हा सुरुवात. पाढे पाठ असलेल्यांनी कॅल्क्युलेटर फक्त भागाकारासाठी ठेवावा हे माझं मत.

उजव्या बाजूला प्रश्नांच्या क्रमांकांची पेटी असते. उत्तर दिलं की चौकट हिरवी, बघून सोडला की लाल, 'नंतर बघू' अशी खूण केली की जांभळी. इथे एक गोंधळ नेहमीचा आहे. उत्तर निवडून वर 'नंतर बघू' ची खूण केली तरी ते उत्तर तपासलं जातं. निवडायचं राहिलं आणि नुसती खूण केली तर ते कोरंच. आणि पर्यायावर टिचकी मारून थेट दुसऱ्या क्रमांकावर उडी मारलीत तर उत्तर जतन होत नाही. जतन करून पुढे जायचं बटण दाबावंच लागतं.

परीक्षेच्या आधी अधिकृत संकेतस्थळावर सरावाचा पेपर येतो. तो सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये, माउस हातात घेऊनच सोडवा. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात घरी लॅपटॉप नसेल तर आठवड्यातून एक रविवार तालुक्याला येऊन लॅबमध्ये पूर्ण पेपर द्यायचा. मॉकची मालिका कोणत्या क्लासची घ्यायची यावर घरात जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी जरी यावर झाली तरी पुष्कळ.

कच्चं काम कुठे करायचं?

केंद्रावरच कागद आणि पेन मिळतं. ते परत करायचं असतं. स्वतःचं पेन आत चालत नाही.

मराठीतून किंवा कन्नडमधून पेपर मिळतो का?

नाही. फक्त इंग्रजी.

परीक्षेचं शहर कोणतं भरावं? बेळगावातच केंद्र मिळतं ना?

बेळगाव यादीत असतं, पण पसंतीची पाच शहरं क्रमाने भरावी लागतात आणि पहिलंच मिळेल याची हमी नसते. म्हणून उरलेली चारसुद्धा विचार करून भरा. 'बेळगाव मिळणारच' म्हणत खाली बेंगळुरू, म्हैसूर असं काहीही टाकलेल्या मुलाला आदल्या रात्री म्हैसूरची गाडी पकडावी लागते.

माझा सल्ला गावावर ठरतो. बेळगाव शहर, खानापूर, कडोली, येळ्ळूर भागातल्यांनी बेळगाव, मग हुबळी, मग कोल्हापूर. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब, त्यामुळे त्यांनी कोल्हापूर पहिलं टाकलं तर काही बिघडत नाही. चिकोडीकरांना दोन्ही सारखंच. अथणी, कागवाडच्या मुलांना सांगली सोयीची, कागवाडहून मिरज तर हाकेच्या अंतरावर. हल्याळकडच्यांनी हुबळी, कारवारकडच्यांनी पणजी आधी टाकावं. राज्य कुठलं याच्याशी परीक्षेला काही देणंघेणं नाही. कर्नाटकात राहणाऱ्याने कर्नाटकातलंच शहर घ्यावं असा नियम नाही, तरीही दर वर्षी दोनचार पालक हे विचारतातच.

यादीत शहराचं नाव बेळगाव, बेळगावी किंवा इंग्रजी स्पेलिंगच्या कुठल्याही रूपात असू शकतं. एकाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

अर्जाची मुदत संपल्यावर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते. त्यात फोटो, सही आणि शहरांचा क्रम बदलता येतो. जात-प्रवर्ग बदलता येत नाही. त्याविषयी पुढे.

कोल्हापूर केंद्र घेतलं आणि नेमक्या बसेस बंद झाल्या तर?

प्रश्न अस्थानी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं तेव्हा दोन्ही राज्यांच्या एसटी सेवा काही दिवस विस्कळीत झाल्या होत्या. अशा वेळी इकडची बस कोगनोळीच्या सीमानाक्यापर्यंत आणि पुढे तिकडची, अशी कसरत करावी लागते. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. त्या आठवड्यात बातम्यांकडे लक्ष ठेवा आणि शक्य असेल तर रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवा. बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची, मिरज हा मार्ग बसच्या भांडणात सहसा अडकत नाही.

दुसरी अडचण राजकीय नाही, उसाची आहे. नोव्हेंबरात कारखाने सुरू झालेले असतात. चिकोडी, अथणी, निपाणी भागात पहाटे चारला रस्त्यावर दोनदोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नसलेले. दुचाकीवरून अंधारात निघायचा बेत असेल तर तो सोडा. आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करा. कोल्हापुरात, सांगलीत आत्या-मावशी नाही असं घर इकडे शोधूनच काढावं लागेल.

सकाळचं सत्र मागता येतं का?

मागता येत नाही. सत्र आणि केंद्र दोन्ही प्रवेशपत्रावरच कळतं. २०२५ मध्ये वेळा होत्या सकाळी ८.३०, दुपारी १२.३० आणि संध्याकाळी ४.३०. दार सत्र सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी बंद होतं आणि मग विनवणी चालत नाही.

बेळगावात केंद्र शहराच्या कडेला पडू शकतं, म्हणून आदल्या दिवशी जाऊन बघून या. टिळकवाडीतली रेल्वे फाटकं पार करावी लागणार असतील तर वीस मिनिटं जादा धरा. फाटक पडलं की दोन्ही बाजूंनी रिक्षा आणि स्कूटर एकमेकांत घुसतात आणि गाडी गेल्यावरही लवकर सुटत नाहीत.

संध्याकाळचं सत्र साडेसहाला सुटतं. जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांना तेव्हा शेवटची बस मिळेलच असं नाही. मुलगी असेल तर घरचे इथेच काळजीत पडतात. एका वडिलांनी तर संध्याकाळचं सत्र आलं म्हणून परीक्षाच नको असं ठरवलं होतं. एक रात्र ओळखीच्या घरी राहण्याची सोय हा यावरचा साधा उपाय, पण ती नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा.

तीन सत्रांना तीन वेगळे पेपर. माझा अवघड आला तर माझं नुकसान नाही का?

त्यासाठीच गुणांचं समायोजन करतात. प्रत्येक सत्रातल्या उमेदवारांचे मूळ गुण बघून पेपर किती अवघड होता त्याचा अंदाज घेतला जातो आणि सगळ्या सत्रांचे गुण एका मापावर आणले जातात. अवघड सत्रातल्या ४० गुणांचं मोल सोप्या सत्रातल्या ४० पेक्षा जास्त ठरू शकतं. म्हणूनच परीक्षा संपल्यावर सत्र एक आणि सत्र दोनमधल्या मित्रांनी गुणांची तुलना करून रडायचं कारण नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हेही इथेच सांगतो, कारण घरी हा घोळ होतोच. समजा परीक्षेला २,००,००० जण बसले आणि तुमचा क्रमांक ४,००० आला, तर पर्सेंटाइल ९८. पेपरात गुण मात्र निम्म्यापेक्षा कमी असू शकतात. 'अठ्ठ्याण्णव मिळाले' असं गावात सांगितलं की पेढे वाटायची तयारी होते आणि मग मुलाखतीची पत्रं मोजकीच येतात, तेव्हा सगळे गप्प. जुन्या मोठ्या आयआयएममध्ये खुल्या वर्गासाठी ९८ हे पुरेसं नसतंच बहुधा. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभवही मोजतात. २०२४ मध्ये सुमारे २.९३ लाख जण परीक्षेला बसले होते, त्यावरून स्पर्धेचा अंदाज घ्या.

एसएसएलसी आणि पीयूसीचे गुण कसे भरायचे? बेस्ट फाइव्ह घ्यायचे का?

नाही. गुणपत्रकावरचे सगळे विषय धरून टक्केवारी काढायची. एसएसएलसी म्हणजे दहावी ६२५ पैकी आणि पीयूसी म्हणजे बारावी ६०० पैकी. एसएसएलसीला पहिली भाषा १२५ गुणांची असते, ती सोडून ५०० वर हिशेब करणारी मुलं दर वर्षी भेटतात. पदवीला सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करायचं सूत्रच वापरा आणि त्याचं पत्र विद्यापीठातून आत्ताच मागवून ठेवा. विश्वेश्वरय्या आणि राणी चन्नम्मा, दोन्ही विद्यापीठांची मुख्यालयं इथेच आहेत, त्यामुळे इकडच्या मुलांना निदान या कामासाठी लांब जावं लागत नाही.

किमान पात्रता पदवीला ५० टक्के. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ४५. शेवटच्या वर्षाला असलेलेही अर्ज करू शकतात.

आमच्याकडे ३ब चा दाखला आहे. तो चालेल का?

तेवढ्यावर चालणार नाही. सीमाभागातल्या मुलांची सर्वात मोठी चूक इथेच होते, म्हणून शांतपणे वाचा.

कर्नाटक सरकारचे प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब हे राज्याच्या प्रवेशासाठी आणि नोकऱ्यांसाठी आहेत. आयआयएम केंद्राच्या यादीवर चालतात. तिथे ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतली जात आणि क्रीमी लेयरमध्ये नसलेली. तुमची जात राज्याच्या ३ब मध्ये आहे म्हणून ती केंद्राच्या ओबीसी यादीतही आहे असं होत नाही. उलट, महाराष्ट्रातला चुलतभाऊ ज्या प्रवर्गातून अर्ज करतो तोच तुम्हाला लागू होईल असंही नाही, कारण केंद्राची यादी राज्यवार असते आणि तुम्हाला लागू होते ती कर्नाटकची. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर कर्नाटकची यादी आहे, त्यात स्वतः डोळ्यांनी नाव शोधा. सायबरवाल्याने 'ओबीसीच टाकू या' म्हटलं म्हणून टाकू नका.

यादीत असाल तर नाडकचेरीत केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला मागायचा. 'केंद्राचा' हे तीनदा सांगा, नाहीतर हातात राज्याचाच पडतो, कन्नडमध्ये छापलेला, आरडी नंबरसकट. इंग्रजीतला दाखला हवा हेही अर्ज करतानाच सांगायचं.

यादीत नसाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळतो का ते तहसीलदार कचेरीत विचारा. त्यात जमिनीची अट आहे: पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर दाखला मिळत नाही. सातबारा म्हणजे इकडचा उतारा आजोबांच्या नावावर एकत्र असेल तर कुणाच्या वाट्याला किती हा प्रश्न तिथे निघतोच, त्यामुळे कागद घेऊन जा.

अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतो आणि सप्टेंबरच्या मध्याला बंद होतो. दाखल्याचं काम जुलैत हाती घ्या. प्रवर्ग एकदा भरला की बदलता येत नाही. चुकीचा भरलात आणि निवड झाली, तर कागद तपासणीच्या टेबलावर सगळं संपतं.

आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, गुणपत्रकावर वेगळं. काय करू?

आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा. कन्नडमधून इंग्रजीत लिहिताना जाधवचं जादव, घाडीचं गाडी झालेलं असतं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं आद्याक्षर. प्रवेशपत्रावरचं नाव आणि मूळ ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत न्यावं.

परीक्षेला जाताना काय न्यायचं?

छापलेलं प्रवेशपत्र, त्यावर अर्जातला तोच फोटो चिकटवलेला, आणि मूळ ओळखपत्र. झेरॉक्स किंवा मोबाइलमधलं आधार चालेल असं गृहीत धरू नका. घड्याळ, मोबाइल, दागिने, जाड तळव्याचे बूट घरी ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटी बेळगावात सकाळी थंडी असते, एसी लॅबमध्ये आणखी. खिसे नसलेला साधा स्वेटर घाला, खिशांच्या जाकिटावरून दारात हुज्जत होते.

शुल्क किती?

२०२५ मध्ये २,६०० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,३००. आदल्या वर्षी २,५०० आणि १,२५० होतं, म्हणजे दर वर्षी थोडं चढतंय. परीक्षा बुडाली तर पैसे परत नाहीत.

आम्ही सीमाभागातले. महाराष्ट्राच्या सीईटीतून पुण्या-मुंबईत प्रवेश मिळतो का?

मिळू शकतो, आणि ही वाट इकडच्या पुष्कळ घरांना माहीतच नाही. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्या वादग्रस्त सीमाभागातल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. साधारण अटी अशा: शिक्षण त्या भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून, रहिवास त्याच भागात आणि मातृभाषा मराठी. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला ठरावीक नमुन्यात लागतो. नमुने प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी असतात, त्या त्या वर्षीचेच काढा. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते आजच बघा. तिथे चुकून कन्नड पडलेलं असेल तर मुख्याध्यापकांकडे जायला वेळ लागतो, आणि ते ऐन प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.

या सीईटीचा बाज कॅटपेक्षा अगदी वेगळा. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला वजाबाकी नाही. म्हणजे शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. कॅटची सवय लागलेला मुलगा इथे उगाच प्रश्न सोडत बसतो. तीही संगणकावर, अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये.

आणि कर्नाटकची?

कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, म्हणजे केईएची, पीजीसीईटी. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यातल्या एमबीए जागा तिच्यातून भरतात. बेळगावातच राहून शिकायचं असेल, मच्छेजवळच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या आवारात किंवा शहरातल्या एखाद्या कॉलेजात, तर ही द्याच. दोन्ही राज्यांच्या सीईटी एकाच वर्षी देता येतात.

जीमॅटही बदलली म्हणतात.

बरीच. मुख्यतः परदेशी एमबीएसाठी देतात त्या या परीक्षेची नोव्हेंबर २०२३ पासून नवी आवृत्ती आली आणि जानेवारी २०२४ नंतर जुनी बंद झाली. आता तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न. निबंध गेला, वाक्यदुरुस्ती गेली, गणितातली भूमितीही गेली. भागांचा क्रम आपण ठरवायचा, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. गुण २०५ ते ८०५. एका उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते यंत्र ठरवतं. कॅटमध्ये असं काही नाही.

जीमॅट घरूनही देता येते. खोलीत एकटं बसायचं, टेबल रिकामं, कॅमेरा चालू. पण दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात घरून द्यायची जोखीम मी घेऊ देणार नाही, केंद्रावर जा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो, तिथे आधारावर भागत नाही. बेळगावात पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, पण पोलिस तपासणी धरून वेळ हाताशी ठेवा.

परदेशात जायचं नसेल आणि हातात दोनचार वर्षांचा अनुभव नसेल तर जीमॅटच्या मागे लागू नका. ती महाग आहे.

स्नॅप, झॅट यांचं काय?

स्नॅप ही सिंबायोसिसची प्रवेश परीक्षा, ६० मिनिटांची, ६० प्रश्नांची. एकापेक्षा जास्त वेळा देता येते आणि सर्वात चांगला गुण धरतात. प्रत्येक खेपेला पैसे मात्र वेगळे. झॅट ही जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची परीक्षा, जानेवारीच्या पहिल्या रविवारी. चोर्ला घाट उतरून साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, तिथे कॅट आणि झॅट दोन्ही चालतात. आपल्याला पुण्यापेक्षा ते जवळ, तरी यादीत बघायचं राहून जातं.

क्लास लावायला पुण्याला जावं का?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर नको. कॉलेज बुडवून, खोलीभाडं भरून जे मिळतं त्यातलं बहुतेक ऑनलाइन मिळतं. घड्याळ लावून पूर्ण पेपर देणं आणि नंतर तो उघडून चुका बघणं हे कुठेही बसून करता येतं. ज्यांना घरी बसून जमतच नाही, दार लावलं की गल्लीतले हाक मारतात, त्यांनी जावं.

निकाल कधी? आणि तो किती दिवस चालतो?

परीक्षेनंतर काही दिवसांत उत्तरतालिका आणि तुमची उत्तरपत्रिका संकेतस्थळावर दिसते. हरकत घ्यायची तर प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावं लागतं, म्हणून खात्री असेल तरच घ्या. २०२४ चा निकाल १९ डिसेंबरला लागला, २०२५ चा २४ डिसेंबरला. गुणपत्रक पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. संकेतस्थळावर ते नंतर सापडेलच असं नाही, म्हणून निकालाच्याच दिवशी उतरवून घ्या आणि स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, सायबरवाल्याच्या नव्हे.